पोरगी दाखवायची, वाटायची नाही

सुमनताईंच्या घरात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत आणि मोबाईल पातेल्यात ठेवावा लागे. दारातून आत आलं की स्टुलावर मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं. स्थळ बघायला येणारा पाहुणा कितीही मोठा असो, नगरसेवकाचा मेव्हणा असो नाहीतर कंपनीतला मॅनेजर, ताई नुसतं पातेल्याकडे बोट दाखवायच्या. "ठेवा, ठेवा. शिजवत नाही मी त्याला." चहा होईस्तोवर पातेल्यात कुणाचा तरी फोन थरथरायला लागायचा आणि असा काही खणखणाट व्हायचा की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून ओरडायच्या, "सुमन, पाहुणे आले वाटतं!"

ताई आकुर्डीत राहायच्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर काढली. साहेबाला घरून कुणाचा फोन येतो, संपाच्या आधी कोणता पुढारी कोणाशी बोलला, सगळं त्यांच्या हातून जायचं. निवृत्त झाल्यावर त्या आमच्या समाजातली लग्नं जुळवायला लागल्या, पण बोर्डावरची एकही गोष्ट त्यांच्या तोंडून कधी बाहेर आली नाही. मी खूप खोदून विचारलं. "लाइन जोडून दिली की आपला कान काढून घ्यायचा," एवढंच उत्तर.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती बाबांबरोबर. बाबा भोसरीच्या फाउंड्रीत होते, मूळचे मराठवाड्यातले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि त्यात मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला लागले तेव्हा बाबांनी सगळ्या चाळीला पेढे वाटले होते. बायोडाटा त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून करून घेतला होता. वर बुद्धांचं चित्र, कडेनं गुलाबांची नक्षी. ताईंनी चष्मा लावून तो वाचला. जन्मतारीख, जन्मवेळ, रक्तगट, माझा आणि बाबांचा मोबाईल नंबर, कंपनीचं नाव, विभाग, शिफ्ट. पत्त्यात तर 'पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, डावीकडचं दार' इथपर्यंत सगळं.

"दादा," ताई म्हणाल्या, "हा बायोडाटा आहे का चोराला काढून दिलेला नकाशा?"

बाबा ओशाळले. "न्हाई म्हणजे... समोरच्याला समदं कळावं म्हणून."

"समोरचा कोण?"

"कुणीबी. चांगलं स्थळ."

"हे 'कुणीबी' आहे ना, तिथंच सगळा घोळ आहे." ताईंनी पेन उचललं आणि भराभर काट मारत सुटल्या. "रक्तगट कशाला? लग्नात बाटली चढवायचीय का? जन्मवेळ कशाला? आपण कधीपासून पत्रिका बघायला लागलो?" कंपनीच्या नावावर पेन आलं तेव्हा मात्र बाबांनी हात आडवा केला. "ते राहू द्या ताई. लोकाला कळू द्या की पोरगी कुठं पोचली."

मलाही राग आला होता. मी म्हटलं, "हे मी कमावलंय. ते का लपवायचं?"

"डिग्री लिही ना, चांगली ठळक लिही. ती कुणाच्या बापाला चोरता येत नाही. पण कोणत्या गेटातून किती वाजता आत जातेस, हे कशाला? तुला नवरा पाहिजे का पाळतीवरचा माणूस?" मग माझ्या नंबरावर बोट ठेवलं. "हा बँकेला जोडलाय?"

"हो."

"मग हा बँकेचा नंबर. लग्नासाठी वेगळं सिम घे. तोवर कागदावर माझा नंबर जाईल. आणि एटीएमचा पिन काय आहे ते मला सांगू नको. पण जन्मसाल असेल तर घरी जायच्या आधी बदल."

माझा पिन म्हणजे जन्मसालच होतं. त्या कागदावर माझी जन्मतारीख मोठ्या अक्षरात होती आणि बाबा त्याच्या पन्नास प्रती काढणार होते. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं, आणि आपण म्हणतो, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय!

त्या दिवशी ताईंनी मला समोर बसवून माझा फोन माझ्याच हातानं दुरुस्त करून घेतला. फेसबुकवर निगडीच्या स्टॉपवरचे, कंपनीच्या बसमधले, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले माझे फोटो होते. "हे सगळ्या जगाला दिसतंय. कर ओळखीच्यांपुरतं." व्हॉट्सॲपला पिन लावायला लावला, फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करायला लावलं. "पाहुणा पहिल्यांदा आला की बाहेरच्या खोलीत बसवतो ना आपण? का थेट कपाट उघडून दाखवतो? दुसऱ्यांदा आला, मन जुळलं, की मग पुढचं दार. पोरगी दाखवायची असते बाई, वाटायची नसते."

आमच्या भागात अण्णा म्हणून एक गृहस्थ होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, प्रत्येक कार्यक्रमात स्टेजवर पहिली खुर्ची. वधू-वरांचे व्हॉट्सॲप ग्रुप चालवायचे, कुणाचाही बायोडाटा हाती लागला की ग्रुपवर टाकायचे आणि त्याला समाजकार्य म्हणायचे. आपल्या भाच्यासाठी ते ताईंकडे आले. पातेल्यात फोन टाकायला लागला, कागदाचा फोटो काढता येईना, याचाच त्यांना आधी राग. त्यात ताईंनी दाखवलेल्या माझ्या कागदावर ना माझा नंबर ना पत्ता. "सुमनताई, समाजावर विश्वास नाही तुमचा?" ताई म्हणाल्या, "समाजावर आहे, अण्णा. फॉरवर्डवर नाही."

तिथं डाळ शिजली नाही म्हणून अण्णांनी संध्याकाळी बाबांना फोन लावला. "ताईंकडचा कागद अर्धवट आहे हो. पूर्ण असेल ना तुमच्याकडे? घरच्यांना दाखवायचाय." झेरॉक्सवाल्यानं दिलेला पहिला बायोडाटा बाबांच्या फोनमध्ये तसाच होता. बाबांनी पाठवला. अण्णांना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. एवढा मोठा माणूस आपल्याला नावानं ओळखतो, आपणहून फोन करतो, यातच बाबांचा ऊर भरून आला होता. दुसऱ्या दिवशी माझा बायोडाटा, फोटोसकट, अण्णांच्या ग्रुपवर होता. तिथून दुसऱ्या ग्रुपवर, तिथून कुठं कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नाही.

आधी फोन आले ते साधे. मुलगा दुबईत आहे, मुलगा घटस्फोटित आहे पण स्वभावानं चांगला आहे. मग एकाचा यायला लागला. तो स्थळाचं काही बोलायचा नाही. कुठं आहेस, जेवलीस का, असं विचारायचा. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून. आणि एका सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये बसते न बसते तोच मेसेज आला. 'निळा ड्रेस छान दिसतो. आज बस उशिरा आली ना?'

घरी सांगितलं तर आई रडायला लागली आणि बाबा खाली मान घालून म्हणाले, "काई दिवस घरीच ऱ्हा. नोकरीचं बघू फुडं." हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. कागद अण्णांनी वाटला. मेसेज त्या माणसानं केला. आणि घरात मी बसायचं! ज्या नोकरीचे पेढे वाटले ती मी सोडायची! अण्णा त्या आठवड्यातही कुठल्या तरी स्टेजवर हार घालून घेत होते.

मी तडक बाबांना घेऊन ताईंकडे गेले. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. बाबा तेवढ्यात माझ्या फोनमधले ते मेसेज पुसायला निघाले होते. पोरीच्या फोनमध्ये असली घाण नको म्हणून. ताईंनी त्यांच्या हातातून फोनच काढून घेतला. "पुसू नका. लाज त्याला वाटू द्या. ही घाण नाही, पुरावा आहे." एकेका मेसेजचा स्क्रीनशॉट काढायला लावला, नंबर आणि वेळ दिसेल असा. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "आणि दादा, पोरीला घरात कशाला बसवताय? कागद तिनं वाटला का?" बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी त्यांना पाणी दिलं, पण शब्द मागं घेतला नाही.

पोलीस चौकीत टेबलावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, नंबर ब्लॉक करून टाका ना."

"ब्लॉक केला की तो बसस्टॉपवरून उठून जाईल का, साहेब?" ताईंनी विचारलं आणि खुर्ची ओढून बसल्या. तक्रार लिहून घेईपर्यंत त्या हलल्या नाहीत. दोन-चार दिवसांत तो माणूस बोलावून आणला. निगडीतच राहणारा, बायको, दोन मुलं. तोंड वर करून म्हणतो, "ग्रुपवर नंबर टाकलाय म्हणजे फोन करायलाच टाकलाय ना?" आणि टेबलावरच्या माणसानं हे ऐकून अर्धी मान हलवली! मी तिथं उभी होते. त्या हललेल्या मानेचा मला त्या माणसापेक्षा जास्त राग आला. लिहून घेऊन, दम देऊन त्याला सोडलं. स्टॉपवर तो पुन्हा दिसला नाही. माझा फोटो मात्र अजून त्याच्या फोनमध्ये असेल की नसेल, हे मला कोण सांगणार?

पुढच्या रविवारी समाजमंदिरात वधू-वर मेळावा होता. स्टेजवर अण्णा. ताई सरळ वर चढल्या आणि निवेदकाच्या हातातला माईक घेतला.

"जयभीम. अण्णा, एक माहिती पाहिजे होती. तुमच्या सूनबाई नोकरीला आहेत ना? किती वाजता निघतात घरून?"

अण्णा हसले. "ताई, हे काय आता?"

"कुठल्या स्टॉपवरून बस पकडतात? आणि त्यांचा मोबाईल नंबर सांगा. सगळे लिहून घेतायत."

"सुमनताई!" अण्णा खुर्चीवरून उठले. "घरच्या बाईचा नंबर चारचौघांत मागायला लाज वाटत नाही?"

"वाटते ना. चारचौघांत मागायला वाटते. तुम्हाला पोरीचा नंबर हजार जणांत वाटायला लाज नाही वाटली."

हॉलमध्ये मागून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या बहिणीलापण फोन येतात." मग आणखी एक उठल्या. अण्णा म्हणत राहिले की माझा हेतू चांगला होता, मी स्वतःचा वेळ खर्च करून समाजासाठी करतो. ताई म्हणाल्या, "हेतू ठेवा तुमच्यापाशी. पोरींचे कागद काढा." त्या दिवशी त्यांनी अण्णांना स्टेजवरच फोन उघडायला लावला, ग्रुपवरचा एकेक बायोडाटा काढायला लावला, आणि ज्यांनी ज्यांनी उतरवून घेतलाय त्यांनी तो पुसावा असा मेसेज टाकायला लावला. काहींनी पुसले. किती जणांनी नाही, याचा हिशोब कुणाकडेच नाही. खाली उतरल्यावर मला म्हणाल्या, "जिंकलो असं समजू नको. सांडलेलं थोडंसं पुसलं, एवढंच."

सोमवारी मी पुन्हा कामावर गेले. ताई निगडीच्या स्टॉपवर हजर, हातात पेपर. त्यानंतर बरेच दिवस त्या यायच्या. कंपनीतल्या मैत्रिणींनी विचारलं तर ताई म्हणायच्या, "मी बसचा नंबर बघायला येते." बाबांनाही राहवेना. तेही यायला लागले, आणि दोघं मिळून माझ्या बसला हात करायचे. मला तेव्हा भयंकर लाजल्यासारखं व्हायचं.

माझं लग्न ताईंनीच जुळवलं. होणाऱ्या नवऱ्याला दुसऱ्या भेटीनंतर माझा नंबर मिळाला, तोही लग्नासाठी घेतलेल्या सिमचा. तो अजून त्यावरून मला चिडवतो. पुढे ताईंच्या किडन्या गेल्या. डायलिसिसवर असतानाही त्यांनी एकेका घरी फोन करून आपापल्या मुलीचे कागद, फोटो परत न्यायला सांगितलं. जे आले नाहीत त्यांचे मी आणि त्यांनी बादलीत भिजत घातले, पार लगदा होईपर्यंत. फोन माझ्यासमोर कोरा केला. "मी गेल्यावर हा कुणाच्या हातात पडेल कुणास ठाऊक," म्हणाल्या. "लोकांच्या पोरी आहेत त्यात." महिन्याभरात त्या गेल्या.

ताई गेल्या, पण तो गुलाबाच्या नक्षीचा बायोडाटा अजून फिरतोय. त्यात मी अजून अविवाहित आहे, अजून त्याच शिफ्टला जाते. मागच्या रविवारी मी माहेरी जेवत होते, तेव्हा बाबांच्या फोनवर एका परक्या माणसाचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर घेतला.

"जयभीम. मुलीचा बायोडाटा मिळाला. इंजिनिअर आहे ना, चाकणला? स्थळ आहे का अजून?"

बाबांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "कुणी दिला तुमाला?"

"ग्रुपवर आला होता."

"ग्रुप म्हंजे कोण? माणसाचं नाव सांगा."

"अहो, मोठ्या माणसाकडूनच आलाय. तुमच्या तिकडच्या अण्णांकडून..."

"अण्णा असू द्या न्हाईतर अण्णाचा बाप," बाबा म्हणाले. आयुष्यभरात मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "माझ्या पोरीचा कागद हाय त्यो. तुमच्या फोनमधी हाय ना? मग पुसा. मी थांबलोय."

पलीकडे खुडबुड झाली. मग तो माणूस पुटपुटला, "पुसला."

"बरं केलं," बाबा म्हणाले. "आता कुणाकुणाला धाडला, त्यांची नावं सांगा."