भिंतीवरच्या पाठमोऱ्या बायका

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्या कॉलनीच्या सभागृहाची पुढची भिंत सरळ दिसते. त्या भिंतीवर गेल्या वर्षी मोठं चित्र झालं आणि ते मी काढलेलं नाही. एवढं लिहितानासुद्धा माझ्या पोटात दुखतं. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, भिंगारमधल्या निम्म्या पोरांचे हात धरून वर्तुळं काढून घेतली, आणि माझ्या दारासमोरची भिंत गेली ब्लाऊज शिवणाऱ्या बाईकडे.

सभागृह साधंच आहे. बारशी, हळदीकुंकू, सकाळी म्हाताऱ्यांची योगासनं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गच्चीवर सोलर बसलं आणि पंखे, दिवे, बोअरची मोटार, सगळं उन्हावर चालायला लागलं. त्याचं कौतुक सगळ्यांनाच होतं. फक्त गच्ची गेली. उन्हाळ्यात आम्हा बायकांचं वाळवण तिथं असायचं, कुरडया, सांडगे, मिरच्या, वर्षाचे गहू. शिवाय सोलर बसवणाऱ्यांनी वायरींचे दोन जाड पाईप पुढच्याच भिंतीवरून खाली आणले. भिंत बघवेना. तेव्हा कॉलनीच्या कमिटीत ठरलं की तिच्यावर चित्र करून घ्यायचं, आणि ही इमारत उन्हावर चालते हे त्यात दिसलं पाहिजे.

मला ते चित्र बसल्या जागी दिसलं. गच्चीवरचं वाळवण. सोलर आत्ता आलं, पण त्याच गच्चीवर त्याच उन्हाकडून बायका कधीपासून कामं करून घेत होत्या. मी हे कुणाला बोलले नाही. कमिटीची सेक्रेटरी मीच, मांडीवर रजिस्टर होतं, आणि माझं नाव कुणीतरी सुचवणार याची मला पक्की खात्री होती.

सुचवलंही. आमचे अध्यक्ष फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार आहेत. ते म्हणाले, "बाई, चित्र तुम्ही काढाल का?"

मी म्हणाले, "छे हो, आता माझ्याकडून कुठं व्हायला?"

आता हा काही नकार नव्हे. आमच्यात साधा चहासुद्धा कुणी पहिल्या विचारण्यात घेत नाही. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा गुडघेदुखी सांगायची, तिसऱ्यांदा "तुमचा एवढा आग्रहच आहे तर बघू" म्हणायचं. गुडघा मी तयार ठेवला होता. पण सुभेदारसाहेबांचा जन्म गेला फौजेत, तिथं माणसाला एकदाच विचारतात.

"ठीक. बाई नाही म्हणतात. लिहून घ्या," ते म्हणाले. "दुसरं कोण?"

मी माझा नकार माझ्याच हातानं रजिस्टरात लिहिला. ते वाक्य पुरं होतंय तोवर मागच्या रांगेतून आवाज आला, "म्या करते की."

ही माझ्या समोरच्या घरातली. माहेर खर्ड्याकडचं, नवरा इथल्या लष्करी वर्कशॉपात नोकरीला. घरी शिवणाचं मशीन, कॉलनीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज तिच्याकडे. माझे नाहीत, मी नगरमधल्या एका जुन्या टेलरकडे टाकते. तिनं आयुष्यात भिंत रंगवली नव्हती. मेंदी आणि रांगोळी, एवढीच तिची चित्रकला. पण तिला विचारावंसुद्धा लागलं नाही, आणि सुभेदारसाहेबांना असली माणसं आवडतात.

आठ दिवसांनी तिनं कमिटीपुढं वहीच्या कागदावरचं कच्चं चित्र ठेवलं. गच्ची, ऊन, आणि कुरडया घालणाऱ्या बायका. माझंच चित्र. चोरी म्हणावी तर मी कुणाला सांगितलंच नव्हतं. माझ्या डोक्यातलं चित्र तिच्याही डोक्यात होतं, कारण त्या गच्चीवर आम्ही दोघीही ओणव्या होतो. भांडायलाही जागा उरली नाही.

एक मात्र मला सापडलं. चित्रातल्या सगळ्या बायका पाठमोऱ्या होत्या. "चेहरे कुठायत?" मी विचारलं.

"मला चेहरे काढता येत न्हाईत, बाई," ती सरळ म्हणाली.

मी बाकीच्यांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. सुभेदारसाहेबांनी मंजुरीसाठी हात वर करायला सांगितलं आणि सगळे हात वर गेले. शेवटचा माझा.

मग महिनाभर मी खिडकीत. भाजी जळली, दूध उतू गेलं, पण खिडकी सुटली नाही. ती शिडीवर कशी चढते, रंग कुठं ओघळतो, सगळं बघायचं आणि नाक मुरडायचं. चित्र मोठं करायला आम्ही चौकोन पाडतो, मुलांना मी तेच शिकवलं. हिला त्याचा गंधही नव्हता. तिनं वर्तमानपत्रं चिकटवून माणसाएवढे कागद केले आणि ब्लाऊजचं पेपर कटिंग करतात तशा पाठी कापल्या. खांदा, मुंढा, गळा. ते कागद भिंतीला चिकटवले आणि शिवणाच्या खडूनं कडेनं आखून घेतलं. वायरींच्या त्या दोन पाईपांचे कपडे वाळत घालायच्या दोरीचे खांब झाले. मी मनातल्या मनात म्हणाले, भिंत आहे की पोलकं. शेजारणीलाही ऐकवलं, ती हसली नाही.

रंग भरून झाले तशा बायका भिंतीपुढं थांबायला लागल्या. "ही मी," एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, "आणि ही आमच्या सासूबाई, बघा मान खाली कशी घालतात ते." कुणाचा खांदा उतरता, कुणाची पाठ रुंद, कुणाला मागे खोल गळा लागतो, कुणाला बंद. वर्षानुवर्षं तिनं मापं घेतली होती, तिला त्या पाठी पाठ होत्या. एका बाईंची आई दोन वर्षांपूर्वी गेली. त्या चित्रातल्या एका पाठीला हात लावून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. मी हे खिडकीतून बघत होते. मी चेहरे काढले असते. प्रमाणशीर, सुंदर, आणि कुणाचेच नसलेले. हे मला तेव्हाच कळलं आणि त्यानं माझा जळफळाट कमी झाला नाही, वाढला.

संध्याकाळी बायका पांगल्यावर मी भिंतीपाशी गेले. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत सगळ्या पाठी पाहिल्या. अकरा होत्या. मी त्यात नव्हते.

ती खाली बसून ब्रश धूत होती. म्हणाली, "बाई, कडंला जागा हाय बगा. तुमचं माप न्हाई माज्याकडं. घेऊ का?"

"नको गं," मी म्हणाले. "मला कशाला?"

"बरं," ती म्हणाली आणि पुढचा ब्रश धुवायला घेतला.

मी उभी राहिले. ही काही फौजेतली नव्हती, हिला तरी आपली रीत ठाऊक असायला हवी. तिनं सगळे ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले, डब्याचं झाकण बसवलं. शेवटी मीच म्हणाले, "परत विचारायचं असतं."

तिनं मान वर केली. "तुमी न्हाई म्हनलं की न्हाईच, असं सगळी म्हनत्यात. मिटिंगमदी बी तुमीच न्हाई म्हनला. मला वाटलं, न्हाई तर न्हाई."

"घे माप," मी म्हणाले.

तिनं टेप काढली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, हात जरा बाजूला धरून. टेप खांद्यावरून गेली तेव्हा मी समोरच्या रंगाकडे बघत म्हणाले, "ही भिंत मला हवी होती. तू चढायचीस शिडीवर, तेव्हा तू पडावीस असंसुद्धा एकदा मनात आलं माझ्या. फार हेवा वाटतो मला तुझा." मला ती दिसत नव्हती म्हणून एवढं तरी बोलता आलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "खिडकीचा पडदा हलायचा रोज. हात खाली घ्या."

तिनं काहीतरी आकडा पुटपुटला, मग दुसऱ्या खांद्यावर टेप लावली आणि पुन्हा पहिल्यावर. "बाई, तुमचा उजवा खांदा वर हाय. फळ्यावर लिहून लिहून झाला आसंल."

आरशात रोज बघणाऱ्या मला, आणि वीस वर्षं माझे ब्लाऊज शिवणाऱ्या त्या टेलरला, हे कधी दिसलं नव्हतं. चार दिवसांनी मी भिंतीवर आले, बारावी. तोल जरा उजवीकडे, खांदा बरोब्बर तेवढाच वर. तीस वर्षं मुलांना सांगत आले की आधी नीट बघा, मग काढा. ती पाठ मला काढता आली नसती.