धारवाल्याने वर बघू नये म्हणून

आमचे हे हवाई दलात. प्रत्येक बदलीच्या गावी मी एक कला सुरू करायची आणि अर्धवट सोडून सामान बांधायचं, हा आमच्या घरचा रिवाज. जोधपूरला भरतकाम, पुण्यात सतार. नव्वदच्या दशकात लखनौला आलो, तेव्हा हजरतगंजच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक सुटं पान मिळालं. एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच रेखाचित्र: भर रस्त्यात सुऱ्यांना धार लावणारा, चाकावर वाकलेला. चित्रकाराकडे ढुंकूनही न बघणारा.

मी ठरवलं, आपल्या निशातगंजातला धारवाला अस्साच काढायचा. आणि पूर्ण करायचा!

"सतारीसारखा ना?" हे म्हणाले. मी पेन्सिलीला टोक केलं.

अडचण लखनौच्या अदबीची. मी वही उघडली की धारवाला धारेचं चाक फिरवायला स्टँडवर लावलेल्या सायकलवरून खाली उतरायचा, केसांना पाणी लावायचा आणि छातीवर हात ठेवून उभा राहायचा. "अब बनाइए, बहनजी."

"भैया, आप काम करते रहिए ना."

"आपके सामने पीठ झुकाकर? तौबा!"

तोवर शेजारचा दुकानदार मला स्टूल आणि चहा आणून द्यायचा. आठवडाभर मी चहाच प्यायले.

तेवढ्यात बदलीची ऑर्डर आली. मग मी हट्टालाच पेटले. घरातल्या सगळ्या सुऱ्या, कात्र्या पिशवीत भरून नेल्या. पठ्ठ्याने त्या भराभर, माझ्याकडे हसून बघतच, उरकल्या. पिशवीत उरली विळी.

"ये क्या बला है?"

"इस पर पैर रखकर सब्जी काटते हैं."

त्याने पातं चाकाला लावलं. बाक नीट टेकेना. पाट मध्ये येई. त्याने विळी उलटी धरली, तिरकी धरली, पुटपुटला, पुन्हा वाकला. ठिणग्या उडू लागल्या आणि गडी मला साफ विसरला. मी श्वास रोखून काढत सुटले. पाठ, मान, पॅडलवरचा पाय, सगळं.

काम संपल्यावर त्याने वहीत डोकावलं. "इसमें हमारा चेहरा कहाँ है? रुकिए!" आणि छातीवर हात ठेवून उभा राहिला.

"नहीं भैया, हो गया," म्हणत मी विळी उचलली.

घरी ह्यांनी चित्र उजेडात धरलं. "ह्याच्या हाताला सहा बोटं आहेत."

"असू देत. पूर्ण झालंय."