आबा बसले की लागणारा दिवा

माझं औंढा नागनाथला मोबाईल आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. बिघाड सप्लायमध्ये असतो, वायरमध्ये असतो नाहीतर पार्टमध्ये… चौथी जागा नसते, असं मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. बाहेरचं, करणी, असलं काही आमच्या घरात कोणी मानत नाही. आम्ही बौद्ध; 'आधी तपासून बघ' हेच ऐकत मोठे झालो. म्हणून हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण सांगून मोकळं व्हावं म्हणतो.

माझे वडील, आबा, एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरला – "बराबर." भूक लागली तरी बराबर, कपडे ओले झाले तरी बराबर. डॉक्टर म्हणाले, समज किती शिल्लक आहे सांगता येत नाही, फार आशा धरू नका.

त्यांचं सगळं मी आणि माझी बायको सुजाता करायचो. पहाटे उठून अंग पुसणं, कूस बदलणं, मग दुकान, परत तेच. माझी कंबर गेली, तिची झोप गेली. शेवटी पुण्याच्या दादानं, माझ्या मोठ्या भावानं, तिकडं अशा पेशंटना कायमचं ठेवून घेणारी एक जागा शोधली. मी हो म्हणालो. खरं सांगतो, हो म्हणताना मला हलकं वाटलं.

न्यायचं ठरलं माझ्याच जुन्या कारनं. आणि नेमका त्याच आठवड्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला – घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला, स्टॅबिलिटी कंट्रोलचा. इतक्या लांब पेशंट घेऊन जायचं आणि हा दिवा पेटलेला, हे काही बरं नाही. घरीच बघावं म्हटलं.

चारही टायरची हवा सारखी केली. बॅटरी मोजली, ठीक होती. चाकांजवळचे सेन्सर जुन्या टूथब्रशनं साफ केले. मोबाईलला जोडायचा एक छोटा स्कॅनर मागवून लावला, तर त्यात आलं की स्टिअरिंगचा कोन आणि गाडीची दिशा जुळत नाही. म्हणजे ड्रायव्हर एकीकडं वळवतोय आणि गाडी भलतीकडंच चाललीय, असं गाडीला वाटत होतं. स्कॅनरवरून तो बिघाडाचा कोड पुसला. दोन दिवस दिवा लागला नाही. नांदेडला आबांना तपासायला नेलं, परत हजर.

सुजातानंच आधी ओळखलं. म्हणाली, आबा बसले की लागतो.

मी हसलो. पण मग तपासलं. ती पुढच्या सीटवर बसली, दिवा नाही. आबांच्या वजनाएवढी सोयाबीनची पोती ठेवली, दिवा नाही. सीटखालची वायर खेचून, हलवून पाहिली. काही नाही. आबांना उचलून बसवलं, इंजिन चालू केलं… पाच मिनिटांत दिवा.

रविवारची सकाळ होती. गाडी अंगणात उभी, हँडब्रेक ओढलेला, मी ड्रायव्हरच्या सीटवर. मोबाईलवर स्टिअरिंगच्या कोनाचा आलेख लावला. स्टिअरिंग सरळ होतं, मी दोन्ही हातांनी धरलेलं. आणि मोबाईलवरची रेघ हलत होती. हळूच डावीकडं, परत मधे, मग उजवीकडं मोठं वळण. सेन्सर बिघडला की रेघ कशीही उड्या मारते, ते मी ओळखतो. ही तशी नव्हती. ही सावकाश, दमानं चालली होती. मधेच थोडा वेळ अगदी सपाट व्हायची. मग आबा "बराबर" म्हणायचे आणि रेघ परत निघायची.

मी आबांकडं पाहिलं. डोळे मिटलेले, मान ताठ.

सुजाता खिडकीशी उभी होती. हलक्या आवाजात म्हणाली, "आबा गाडी चालवून राहिले."

चाळीसेक मिनिटांनी रेघ थांबली ती थांबलीच. सगळं मोबाईलमध्ये रेकॉर्ड झालं होतं. मी दुपारी जेवलो नाही.

आबांनी सगळ्यात जास्त वर्षं हिंगोली–पुसेगाव गाडी चालवली होती. मी त्या रस्त्यानं कधी गेलो नव्हतो, लहानपणी आम्ही औंढ्यालाच असायचो. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि एकटाच हिंगोलीहून पुसेगावला गेलो, स्कॅनर लावून. घरी येऊन दोन्ही आलेख लॅपटॉपवर एकाखाली एक ठेवले. वेग वेगळा, पण वळणांचा क्रम तोच. डावं, उजवं, उजवं, लांब सरळ… एका जागी मात्र गडबड होती. आबांच्या रेघेत तिथं चटकन डावीकडं आणि लगेच जोरात उजवीकडं वळण होतं. माझ्या रेघेत काहीच नव्हतं, रस्ता सरळ.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. तरी परत गेलो. त्या जागी ओढ्यावर पूल आहे आणि पुलाच्या अलीकडं एक चहाचं हॉटेल. चहा घेता घेता म्हाताऱ्या मालकांना विचारलं, इथं पूर्वी वळण होतं का.

"व्हय. जुना रस्ता खालून होता," ते म्हणाले. "डावीकडं उतरायचं, फरशीवरून पाणी ओलांडायचं, की लगीच उजवीकडं चढ. हा पूल मागून झाला. तुमी काहून विचारून राहिले?"

चहा तसाच ठेवून मी पुलाच्या कडेला जाऊन पाहिलं. खाली बाभळींत जुन्या रस्त्याची, पाण्यातून जाणारी मोडकी फरशी दिसत होती.

रात्री दादाचा फोन आला. कधी निघताय, गाडीचं काम झालं का, असं विचारत होता. आलेखाचं त्याला सांगितलं असतं तर त्यानं मलाच डॉक्टरकडं पाठवलं असतं.

"गाडी न्हाई झाली दुरुस्त," मी म्हणालो. "आणि आबा आता इथंच राहतील."

तो म्हणाला, तुम्हा दोघांना झेपेल का? मी म्हणालो, माहीत नाही.

नंतर हिंगोलीच्या रफिकभाईंनी, आमच्या ओळखीच्या मेकॅनिकनं, स्टिअरिंगचा सेन्सरच बदलून दिला. तरी तेच. ते म्हणतात, कुठंतरी अर्थिंगचा बिघाड आहे, वायर बॉडीला लागत असेल. असेल. मलाही तेच खरं असावं असं वाटतं, पण अर्थिंगला बुजलेला रस्ता कसा ठाऊक असेल, ते मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणी गाड्यांच्या इलेक्ट्रिकलमधला असेल तर जरूर सांगा.

आमचे दिवस काही सोपे झाले नाहीत. पहाट तीच, कंबर तशीच दुखते, सुजाता बसल्या बसल्या पेंगते. एक फरक पडलाय. आधी मी आबांना गादीसारखं उचलायचो, गप्प, दुसरीकडं बघत. आता उचलायच्या आधी सांगतो, "आबा, उचलतो बरं का." आणि ते अंग सैल सोडेपर्यंत थांबतो.