मर्लच्या दाराचा दगड

मर्ल टकवेलला त्या दिवशी बघितलं आणि मला वाटलं, आई गं, किती दुःखी बाई! हसू नका. क्लबच्या भिंतीला नाक टेकवून उभी होती, मला वाटलं रडतेय. जवळ जाते तर बाई दगडाचे कण निरखत होती आणि तोंडाने केव्ह हिबर्डला शिव्या हासडत होती.

केव्ह आमच्या बोल्स क्लबचा, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबचा, अध्यक्ष. ती भिंत मर्लच्या नवऱ्याने, लेसने बांधलेली. लेस आता नाही. आणि हा केव्ह सगळ्यांदेखत म्हणतो, "लेसने आत स्वस्तातल्या सळया घातल्या, त्या गंजल्या. हे डाग बघा!" वर भिंत धुवायला ॲसिडचा कॅन घेऊन हजर. गेलेल्या माणसाच्या कामाला नाव ठेवायचं? माझंही डोकं फिरलं.

मर्ल भिंतीपुढे खुर्ची टाकून बसली.

"आधी मला धुऊन काढ, मग भिंत."

"अगं मर्ल, गंज आहे तो!"

"सळईचा गंज खाली ओघळतो, टोणग्या! हे पट्टे बघ, कांदा कापल्यासारखे गोल गोल. या वाळूच्या दगडात लोखंड मुरलेलंच असतं. खाणीतून निघताना फिकट राखाडी, मग हवापाणी लागलं की रंग चढतो. ओत ॲसिड, आणखी लाल होईल."

"कशावरून?"

मर्ल तरातरा समोरच्या आपल्या घरी गेली. आमच्याकडचे पाथरवट प्रत्येक कामातला एक तुकडा घरी ठेवतात. या भिंतीचा तुकडा, दार आपटू नये म्हणून, तिच्या मागच्या दाराला लावलेला असायचा. तो तिने केव्हच्या पुढ्यात आदळला.

"फोड."

केव्हने हातोडा घातला. दगडाचे दोन तुकडे झाले. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच तपकिरी पट्टे.

"काढ सळई. शोध की!"

केव्हने कॅनचं झाकण लावलं.

"लेसचं काम चोख होतं, म्हण."

"होतं बाई, होतं."

"मोठ्याने!"

"चोख होतं!"

तरी बाईचा राग उतरेना. "आता माझं दार कशाने अडवू?"

"तूच फोड म्हणालीस ना! आणि आता एकाचे दोन झालेत, लाव एक."

"हे दोन्ही क्लबच्या कपाटात राहणार. सगळ्यांना दिसू देत."

"कपाटात जागा नाही. माझा चषक आहे तिथे."

"दगड नसला की दार फार आपटतं हं तिचं," मी हळूच काडी टाकली. "मला शेजारी ऐकू येतं."

सध्या मर्लच्या मागच्या दाराला केव्हचा चषक आहे. हलका पडत होता, म्हणून तिने त्यात वाळू भरलीय.