शैलाच्या वजनाचं पोतं

चतुराबाईकडं प्रवासाचा सल्ला मागायला जायचं, तर आधी बोलणी खायची तयारी ठेवावी लागे. नाशिकच्या द्वारका चौकामागच्या वस्तीत कुणाच्या घरी पायानं अधू, आंधळं किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं आणि त्याला घेऊन गावाला निघायचं ठरलं, की लोक तिच्या ओट्यावर येऊन बसत. ती पहिलं विचारी, "इतकी वर्षं काय केलं? त्याला घराचं कुलूप केलं होतं का?" मग त्या सगळ्यांना गप बसवून ती थेट त्या माणसाशीच बोले. ही अक्कल तिला त्र्याऐंशीच्या मे महिन्यात एका फलाटावर आली, आणि तीही स्वतःच्या चुकीनं.

तिचं थोरलं लेकरू म्हणजे शैला. दोन वर्षांची असताना ताप आला आणि दोन्ही पाय घेऊन गेला. तेव्हापासून शैला हातांवर सरकत घरभर फिरे. शिवणकामात तिचा हात धरणारं वस्तीत कुणी नव्हतं. पण लग्न असो, जयंती असो, नातलग गावाला निघाले की शैलाला 'घर राखायला' ठेवत. शेजारची अक्काबाई तिला भाकरी नेऊन देई. त्या घरात चोरानं न्यावं असं होतं तरी काय? पण एकोणीस वर्षं सगळे तेच म्हणत आले, आणि चतुराबाईही त्यांच्यात होती. तिला स्वतःचा राग यायचा तो इथपासूनचा.

मग शैलाच्या धाकट्या भावाचं, गोरक्षचं लग्न ठरलं. गोरक्ष नाशिकातच अंबडच्या कारखान्यात लागला होता, मुलगी मराठवाड्यातली होती. वऱ्हाडाची यादी धोंडीरामनं केली. धोंडीराम म्हणजे चतुराबाईचा थोरला दीर, घरातला शहाणा माणूस. यादीत शेवटी त्यानं लिहिलं, 'शैला – घरी.'

"जंक्शनला गाडी बदलायची, पूल चढायचा," तो म्हणाला. "पोरीचे हाल होतील."

"हाल पोरीचे होतील का तुमच्या तोऱ्याचे, भाऊजी? सोयऱ्यांनी तिला पाहू नये म्हणून चाललंय हे. वऱ्हाडातल्या सगळ्या बायांचे ब्लाउज तिनं शिवले. नवरदेवाला बहीण एकच हाय. तीच करवली व्हणार."

"न्यायची कशी ते सांग."

चतुराबाई धान्याच्या वखारीत निवडण-पाखडणीचं काम करायची. तिनं शैलाला वखारीच्या काट्यावर बसवलं. एकेचाळीस किलो भरली. तेवढीच बाजरी तिनं एका पोत्यात भरून घेतली, जुन्या लुगड्याची दुहेरी झोळी शिवली आणि रविवारी नवऱ्याला म्हणाली, "चला, ह्या पोत्याला जंक्शनपर्यंत नेऊन आणू." भिमाजीला बायकोचं डोकं फिरलंय असं वाटलं, पण त्यानं एक टोक धरलं. तो सहसा बोलत नसे.

नाशिक रोड स्टेशनवरून दोघं त्या पोत्यासकट गाडीत चढली. कोणत्या दारातून चढायचं, कोणतं बाकडं जवळ, पुलाच्या पायऱ्या किती, दम कुठं खायचा, सगळं तिनं मनात टिपलं. लोकांनीही काय जपलं त्या पोत्याला! हमालानं न सांगता खालून हात दिला. बाकड्यावरच्या माणसानं पाय वर घेतले. कुणीतरी म्हणालं, बाई, ओल लागेल, इकडं सरकवा. चतुराबाई घरी आली ती गड जिंकल्यासारखी. शैलापुढं बसून तिनं हातवारे करत सगळी वाट सांगितली. शैला काज करता करता ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "एकूण किती तास, आई?"

"सकाळी सहा ते दुपारी चार. दहा तास."

शैलानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि सुईत दोरा ओवला. चतुराबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही.

वऱ्हाड निघालं. तीच गाडी, तोच डबा. पण पोत्यासाठी पाय वर घेणारी माणसं पोरीला पाहून पाय पसरून बसली. चतुराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक कडक इस्त्रीतले गृहस्थ म्हणाले, "अशांना कशाला बाहेर काढता बाई?"

"तुम्हाला काढलंच ना घरच्यांनी," ती म्हणाली आणि त्यांच्या मांडीला खेटून शैलाला बसवलं.

जंक्शनच्या पुलावर मागून लोक रेटत होते, चला, चला करत होते. चतुराबाईनं ठरल्या पायरीवरच दम खाल्ला, मागच्यांना वळून शिव्याही घातल्या आणि ठरल्या जागी शैलाला उतरवलं. इंचभर चुकलं नव्हतं. तिनं धोंडीरामकडं अशा नजरेनं पाहिलं, की तो वेळापत्रकाचा फळा वाचायला लागला.

दुसऱ्या गाडीला दोन तास होते. पत्र्याखाली नुसती भट्टी पेटली होती. चतुराबाईनं तांब्या पुढं केला. शैला नको म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा केला, पुन्हा नको. मग बोलता बोलता तिचे डोळे वर गेले आणि ती भिमाजीच्या खांद्यावर कलंडली.

तोंडावर पाणी मारल्यावर ती शुद्धीवर आली. ओठांना भेगा पडल्या होत्या.

"काल दुपारपासून पाणी घेतलं नाय," ती म्हणाली.

"का गं?"

"दहा तास म्हणलीस ना. मला बसवणार कुठं होतीस?" शैलाचा आवाज बारीक होता, पण रागानं थरथरत होता. "पोत्याला लघवीला जावं लागत नाय, आई."

 चतुराबाईकडं सगळ्या जगासाठी राग तयार असे. आज तो तिच्यावरच उलटला. पूल मोजला, पायऱ्या मोजल्या. ज्या जिवासाठी मोजलं, त्याला एक शब्द विचारला नाही. घर राखायला ठेवणारे आणि आपण, फरक काय राहिला?

फलाटावरचा बायकांचा संडास ती पाहून आली. दोन उंच पायऱ्या, अरुंद दार, आत उकिडवं बसायचं. तो ज्यानं बांधला त्याचा आणि त्याच्या पायांचा तिनं मोठ्यानं उद्धार केला. मग तिनं वऱ्हाडाच्या दोन पत्र्याच्या पेट्या ओढल्या, भिंतीच्या कडेला एकीशेजारी एक ठेवल्या आणि मधल्या फटीत सामानातली बालदी सरकवली.

धोंडीराम धावत आला. "अगं, नवरीच्या साड्या हायेत त्यात."

"साड्या आत हायेत. पोरगी वर बसंल."

"लोक बघतायत."

"मग तुम्ही लोकांकडं तोंड करून उभे राहा, आन् त्यांना बघा."

सगळ्यात आधी उठली ती धोंडीरामचीच बायको, नवसाबाई. तिनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं आणि पदर पसरून उभी राहिली. तिच्यामागून बाकीच्या आल्या. शैलानं शिवलेले ब्लाउज घातलेल्या त्या सात-आठ बाया पाठी करून कडं धरून उभ्या होत्या, आणि आत चतुराबाई लेकीला काखेत धरून बसवत होती. बाहेर धोंडीराम खरोखरच लोकांकडं तोंड करून उभा राहिला. कुणी थांबलं की तो खेकसायचा.

आता चतुराबाईनं तांब्या पुढं केला नाही. तिनं विचारलं, "काय देऊ?"

"पाणी," शैला म्हणाली. "गार असंल तर बघ."

मांडवात पोचल्यावर सोयऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, ताईला आत खोलीत बसवा, तिथं आराम पडेल. चतुराबाई लेकीकडं वळली. तिनं शैलाला विचारलं, "कुठं बसायचं?" शैलानं गोरक्षच्या पाठीमागची जागा दाखवली. धोंडीरामनं आपण होऊन त्या दोन पेट्यांतली एक उचलून आणली आणि तिथं ठेवली. लग्न लागेपर्यंत नवरदेवाची करवली तिच्यावर ताठ बसून होती. हातात पाण्याचा तांब्या होता, आणि तो तिनं सगळ्यांदेखत दोनदा रिकामा केला.