किडक्या वांग्यांचं गिऱ्हाईक

भोरच्या आठवडी बाजारात किडकी वांगी मुद्दाम मागून घेणारा मी एकटाच होतो.

मी शाळेत गुरुजी. मोबाईल नुकते खिशात येऊ लागले होते, त्या काळात पुण्याचा एक पाहुणा सांगून गेला, "कीड खाते तीच भाजी बिनफवारणीची. तीच खावी!" मला लगेच पटलं. (मला लगेच पटतं, ही आमच्या घरातली जुनी तक्रार आहे.)

पुढच्याच बाजारात भाजीवाल्या रशीदाचाचींच्या पाटीपुढे जाऊन बसलो.

"चाची, ही चकचकीत नकोत. भोकं पडलेली द्या."

"ती व्हय? ती म्हशीला काढून ठिवल्यात, गुरुजी."

"तीच द्या!"

चाचींनी मला नीट न्याहाळलं आणि आवाज एकदम मऊ केला. "घ्या, घ्या. लाजायचं न्हाई."

यात लाजायचं काय, ते मला कळलं नाही!

मग चाची दर बाजारी माझ्यासाठी किडकी वांगी राखून ठेवू लागल्या. शेजारच्या पाट्यांवरूनही अळ्यांचा फ्लॉवर माझ्या पिशवीत पडू लागला. पैसे दिले तर कोणी घेईना! "बघ, लोकांना आरोग्याचं किती कळायला लागलंय," मी बायकोला म्हणालो. सुमन वांग्यातून अळी काढत होती.

एका रविवारी दारात टेम्पो थांबला. किकवीहून माझे सासरे आले होते, आणि त्यांच्यामागून तांदळाचं पोतं, गुळाची ढेप, तेलाचा डबा. बघायला गल्ली जमली.

"मामा, हे काय?"

सासऱ्यांनी मला बाजूला घेतलं. (आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जात होता.) "पाव्हणं, पगार बंद झाला तर सांगायचं न्हाई व्हय? म्हशीची वांगी खाताय? सारा बाजार बोलतोय!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामा, पगार चालू आहे. ते आपलं... आरोग्यासाठी..."

"व्हय, व्हय. अब्रूसाठी बोलावं लागतं माणसाला."

"खरंच आबा," सुमन म्हणाली, "ह्यांना किडकीच आवडतात."

नवऱ्याला असं सांभाळून घेणारी लेक पाहून सासऱ्यांनी उपरण्याने डोळेच पुसले! मी जमिनीकडे बघत पोतं आत ओढलं.

पुढच्या बाजारी मी अब्रू परत आणायला निघालो. इस्त्रीचा शर्ट घातला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "चाची, किलोभर वांगी! चकचकीत! एकालाही भोक नको!"

चाचींचा चेहरा उजळला. त्या पाटीमागून उठून उभ्या राहिल्या.

"अगं बायांनो, गुरुजींचा पगार झाला गं!"

सारा बाजार माझ्याकडे वळून हसला; तेही इतक्या मायेनं की मला रागावताही येईना. कीड, फवारणी, आरोग्य असं सगळं भाषण माझ्या ओठांवर तयार होतं. पण पोटात सासऱ्यांचाच भात होता.

"व्हय, चाची," मी मान खाली घालून म्हणालो, "कालच झाला."