सीलचं पिल्लू आणि आईचं सोयगाव

मुलगी स्कॉटलंडला शिकायला गेली, त्या पहिल्या उन्हाळ्यात ती किनाऱ्यावर सील हे समुद्रातले प्राणी राखायला जायची. राखायला म्हणजे पिल्लांपासून माणसांना लांब ठेवायला. इकडं शहरात, आमच्या पुंडलिकनगरात दिवेलागण झाली की तिकडं अजून लख्ख दुपार असायची. तिचा व्हिडिओ कॉल आला की मी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचो आणि माझी आई खुर्ची पुढं ओढून बसायची. आता मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. त्या संध्याकाळी मात्र अजून आठवतात.

आईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. सोयगावात तिचा जन्म म्हशींत गेलेला. डोकं आणि मागचे पाय वर उचलून दगडावर पडलेले सील बघून ती हसायची. "खाट लहान पडली व्हय यांना?" पिल्लू जन्मल्यावर काही तासांतच पोहतं, त्याच्या आईचं दूध सायीसारखं दाट असतं आणि महिन्याभरात ती ते तोडते, हे नातीनं सांगितलं तेव्हा आईनं ओळखीच्या घरातली गोष्ट ऐकावी तशी मान हलवली.

एकदा वाळूत एकटंच पिल्लू दिसलं. तान्ह्या मुलासारखं ओरडत होतं.

"उचल की माय त्याला," आई म्हणाली.

"नाही आज्जी. त्याची आई मासे धरायला गेलीय. माणसं जवळ दिसली तर ती वर येत नाही. लोकांना वाटतं टाकून दिलंय. दया येते म्हणून उचलून नेतात, आणि मग त्याला आई भेटतच नाही."

भाकरी निवली तरी तिनं फोन ठेवू दिला नाही. बऱ्याच वेळानं पाण्यातून एक गुळगुळीत डोकं वर आलं. सीलची मादी पोटावर सरकत वाळूवर आली आणि तिनं नाकाला नाक लावून पिल्लाला हुंगलं. आईनं पदरानं डोळे पुसले.

मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझे वडील गेले तवा मी एकटी बसलेली दिसले तुला. पण मला कुणी टाकलं नव्हतं रं. मला सोयगावला सोड."

तेराव्यानंतर मी तिला न विचारताच म्हशी विकल्या होत्या, घराला कुलूप लावून तिला शहरात आणलं होतं आणि नातेवाइकांत आईला सांभाळणारा मुलगा म्हणून मिरवलो होतो. गावाकडून कुणी आलं की ती पावसापाण्याची चौकशी करायची. मी विषय बदलायचो, हेही खरं.

रविवारी तिला घेऊन गेलो. शेजारची म्हातारी दारातूनच म्हणाली, "आलीस व्हय? आमाला वाटलं, शहराचं पाणी लागलं."

कुलूप काढलं, झाडून दिलं, पाणी भरलं. तरी मी घुटमळत होतो. आई म्हणाली, "नीघ आता तू. तू हाईस तवर बाया काय मोकळ्या यायच्या नायत."

गाडी वळवताना आरशात पाहिलं. एकेक करून बाया ओट्यावर येऊन टेकत होत्या.